तलावांच्या जिल्ह्यात सायकलचा पाहुणा आला, तर त्याला दाखवणार काय?

धानाची कापणी-बांधणी आटोपली की आपल्या गोंदिया जिल्ह्यातले रस्ते वेगळेच दिसू लागतात. बांध्या मोकळ्या होतात, खळ्याजवळ तणसाचे ढीग लागतात, तलावावर सकाळी धुकं उतरतं आणि दुपारचं ऊनही अंगाला बरं वाटतं. गेल्या काही हिवाळ्यांत या रस्त्यांवर एक नवा प्रवासीही दिसू लागला आहे. डोक्यावर हेल्मेट, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पिशव्या, आणि घाई अजिबात नाही. नागपूरकडून येतो, रायपूरकडून येतो, कधी त्याहून लांबून. तलावाच्या पाळीवर सायकल टेकवतो, तासभर बसतो, मग पुढच्या गावाला निघतो.

कोहमाऱ्याच्या एका टपरीवर असेच दोघं थांबले होते. चहावाल्या काकांनी काळजीनं विचारलं, "सायकलनं फिरून राह्यले जी? गाडी बिघडली का?" दोघं हसले. "नाही काका, मुद्दामच सायकलनं आलो." काका काही पटल्यासारखे दिसले नाहीत. पण त्यांच्या टपरीवर दोन प्लेट पोहे, चार चहा आणि एक बिस्किटाचा पुडा खपला, हे मात्र खरं. त्याच पाऊण तासात समोरच्या महामार्गावरून शेकडो गाड्या गेल्या. त्यातली एकही टपरीवर थांबली नाही.

या लेखाचा विषय तोच आहे. सायकलवर निवांत फिरणारा पाहुणा हा आपल्या भागाला परवडणारा आणि उपयोगाचा पाहुणा आहे का? आणि असेल, तर तो येत राहावा म्हणून आपण काय टिकवलं पाहिजे?

विषय आत्ताच का?

राज्य मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये नवं पर्यटन धोरण मंजूर केलं. दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार असं त्याचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. त्याआधी २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आलं आणि २०२३ मध्ये महिलांसाठीचं 'आई' धोरण आलं. 'आई' धोरणात पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या महिलांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे कागदावर पैसा आहे, योजना आहेत. प्रश्न असा की हा पैसा आपल्या तालुक्यात आला, तर कशावर खर्च होईल?

आजवरचा अनुभव सगळ्यांना ठाऊक आहे. पर्यटन विकास म्हटलं की आधी मोठी कमान, मग पेव्हर ब्लॉक, मग काँक्रीटच्या छत्र्या, मग तलावाच्या काठावर सिमेंटची भिंत. उद्घाटन होतं, फोटो निघतात. दोन पावसाळे गेले की छत्रीचा पत्रा उडतो आणि शौचालयाला कुलूप लागतं. नाव घेऊन कुणाला बोलायची गरज नाही, आपल्या आसपासचं एक तरी ठिकाण वाचकांच्या डोळ्यांसमोर आलंच असेल.

सायकलवाल्या पाहुण्याला यातलं काहीच नको असतं. त्याला काय हवं असतं, ते पाहिलं तर हिशेबच बदलतो.

आपल्याकडे आहे काय?

आधी आपलं सामर्थ्य समजून घेऊ. गोंदिया-भंडारा हा भाग तलावांचा म्हणून ओळखला जातो, आणि ती ओळख उगाच पडलेली नाही. पूर्व विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी भाषेत 'मामा तलाव' म्हणतात ते हेच. यातले बरेचसे इंग्रजांच्या आधीचे, गोंड राजांच्या काळातले. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानलं जातं, आणि त्यांना लोक आजही कोलासूर देव म्हणून पुजतात. धरण बांधणाऱ्या माणसाचा देव झाल्याची उदाहरणं फार थोडी असतील.

या तलावांची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली. दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची, तिथं मातीची पाळ घालायची. जास्तीचं पाणी वाहून जायला सलंग, शेताला पाणी सोडायला तुडूम आणि तिथून पुढे पाट. एका तलावाचं वरचं पाणी खालच्या तलावात, तिथलं त्याखालच्या बोडीत. म्हणून आपल्या भागात तलाव एकटा नसतो, त्यांची रांग असते. रांगेत टेकडी, जंगल, तलाव, धानाची बांधी आणि गाव, मग पुन्हा टेकडी.

सायकलवर फिरणाऱ्यासाठी ही रचना अगदी सोयीची ठरते. आपला सपाट भाग समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरवर आहे. सालेकसा-दरेकसाकडचा डोंगराळ पट्टा सोडला, तर चढ लहान आहेत. दम लागतो न लागतो तोच उतार येतो, आणि उताराच्या शेवटी बहुतेक वेळा पाणी दिसतं. सह्याद्रीतल्या घाटात सायकल चढवायला तयारीचा गडी लागतो. इथं पन्नाशीतल्या शिक्षकानं, कॉलेजातल्या मुलीनं, साध्या सायकलवरही फिरावं असा हा मुलूख आहे.

तीन-चार दिवसांची फेरी

उदाहरण म्हणून एक फेरी बघू. गोंदियाला रेल्वेनं उतरायचं. गोरेगावमार्गे कोहमाऱ्यापर्यंत यायचं, तिथं राष्ट्रीय महामार्ग ५३ ओलांडायचा आणि नवेगावबांधच्या रस्त्याला लागायचं. गोंदियापासून नवेगावबांध सुमारे ६५ किलोमीटर. चारचाकीला दीड तास. निवांत सायकलवाला ताशी १२-१५ किलोमीटर धरतो, वाटेत चार तलावांवर थांबतो, दोनदा चहा घेतो. म्हणजे त्याचा पूर्ण दिवस जातो. घाई नसेल तर सडक अर्जुनीला मुक्काम करून दोन दिवस.

दुसरा दिवस नवेगावचा. मोठा तलाव, भोवती सात बहिणींचे डोंगर, हिवाळ्यात उतरणारी बदकं. वन अधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांचा इथं दीर्घकाळ मुक्काम होता. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांचं पुस्तक वाचून आजही लोक हा तलाव शोधत येतात. ते पुस्तक म्हणजे आपल्या जिल्ह्याची फुकटात झालेली सर्वांत चांगली जाहिरात आहे, पण तलावाच्या काठी ते विकत मिळण्याची सोय असावी, हे कुणाला सुचलेलं दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी अर्जुनी मोरगावकडून गोठणगाव आणि इटियाडोह. गाढवी नदीवरचं हे धरण धानपट्ट्याचा आधार आहे. जवळच नॉर्ग्येलिंग ही तिबेटी लोकांची वसाहत, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वसलेली. प्रार्थनेच्या पताका आणि शेजारच्या बांधीत धानाचं खुंट, असं दृश्य महाराष्ट्रात दुसरीकडे सहज दिसणार नाही. इथली बरीच मंडळी हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरांकडे जातात, त्यामुळे त्या दिवसांत वसाहत शांत असते. प्रतापगडही याच भागात. एकाच डोंगराच्या परिसरात महादेवाचं ठाणं आणि ख्वाजा उस्मान हारुनी यांचा दर्गा, आणि महाशिवरात्रीला दोन्हीकडे लोटणारी गर्दी.

चौथ्या दिवशी अर्जुनी स्टेशनवरून गोंदिया-बल्लारशा मार्गावरची गाडी धरायची आणि परतायचं. ज्याला अजून वेळ आहे त्यानं तिरोड्याकडे बोदलकसा, चोरखमाऱ्याचे ब्रिटिश काळातले तलाव बघावेत. ज्याच्या पायात जोर आहे त्यानं सालेकशाकडे हाजरा फॉल आणि कचारगडला जावं. माघ पौर्णिमेला कचारगडला देशभरातून गोंडी समाज येतो, त्या दिवसांत मात्र पर्यटक म्हणून नव्हे, भाविकांच्या वाटेत न येता जावं.

एवढ्या फेरीत नवीन काहीही बांधावं लागलं नाही, हे लक्षात घ्या. रस्ते आहेत, तलाव आहेत, रेल्वे आहे. नाही ते मधलं: रात्रीची खोली, साधं जेवण, स्वच्छ संडास आणि पंक्चर काढणारा माणूस.

पैसा कुठं उतरतो?

आता मुद्द्याचं. सायकलवाला पर्यटक श्रीमंत असो वा नसो, त्याचा पैसा कुठं पडतो ते बघा.

समजा नागपूरचं एक कुटुंब गाडीनं नवेगावला आलं. पेट्रोल नागपुरात भरलं. पाण्याच्या बाटल्या, चिप्स घरून घेतले. महामार्गावरच्या मोठ्या ढाब्यावर जेवण झालं. तलाव पाहिला, फोटो काढले, संध्याकाळी परत. गावाला मिळाली ती पार्किंगची पावती आणि चिप्सची रिकामी पाकिटं.

आता समजा त्याच शहरातून दोघं सायकलनं आले. पाठीवर वजन नको म्हणून जेवण सोबत नाही. दर दहा-पंधरा किलोमीटरला भूक लागतेच. म्हणून गोरेगावला नाश्ता, कोहमाऱ्याला चहा, सडक अर्जुनीला मुक्काम, नवेगावला मासळीचं जेवण, अर्जुनीला पुन्हा मुक्काम. खर्च दरवेळी थोडा, पण पाच-सहा गावांत वाटलेला, आणि बहुतेक घरगुती हातांत पडलेला. मोठं हॉटेल लागत नाही. ज्याच्या घरी एक जादा खोली आणि बाहेर हातपंप आहे, त्यालाही तो पाहुणा चालतो. पर्यटन संचालनालयाची 'न्याहरी व निवास' योजना अशाच घरांसाठी आहे. आपल्या तालुक्यांतल्या किती घरांनी तिचं नाव ऐकलंय, हा ग्रामसभेत विचारायचा प्रश्न आहे.

बचतगटाच्या ताईंसाठी तर हे सरळ गणित आहे. रिसॉर्ट काढायला जमीन लागते, भांडवल लागतं. दहा माणसांचं जेवण करायला चूल आणि आदल्या दिवशीचा फोन पुरतो.

आणखी एक बाजू सांगायलाच हवी. सायकलवाल्यांची संख्या कधीच हजारोंनी नसणार. यातून जिल्हा श्रीमंत होईल असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. हा धानासोबतचा जोडधंदा आहे, धानाच्या जागी येणारा धंदा नव्हे. हिवाळ्याचे तीन-चार महिने, रस्त्यावरच्या काही गावांना, काही घरांना हातभार. एवढीच अपेक्षा ठेवली तर निराशा होणार नाही.

पण तलावच राहिला नाही तर?

खरी गोम इथं आहे. पाहुणा तलाव बघायला येतोय. आणि तलावाची अवस्था काय?

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, ते योग्यच झालं. पण तलाव सरकारकडे गेले आणि पाळीवर दरवर्षी माती टाकणारे, सलंग मोकळा ठेवणारे गावचे हात मागं सरले. निस्ताराचा हक्क कागदावर राहिला, जबाबदारी कुणाचीच राहिली नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे सिंचन विभागाकडे, मासोळीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे, आणि गावाकडे फक्त तक्रार. गाळ भरत गेला. पोटात अतिक्रमण झालं. काठावर बेशरम माजली. पाट बुजले.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून गाळ निघतो, ते चांगलंच आहे. पण गाळ काढायला यंत्र कसं आणि कुठं लावलं, यावर बरंच अवलंबून असतं. तलावाचा तळ सरसकट खरवडला की काठावरच्या पाणवनस्पतीही जातात. मासे अंडी घालतात ते त्या वनस्पतींत, बदकं पोट भरतात ती तिथं. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाच्या महिलांनी आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं मिळून हेच ओळखलं. बेशरम उपटायची, तलावाचा थोडा भाग नांगरून स्थानिक पाणवनस्पती लावायच्या, स्थानिक मासळी परत आणायची, असं काम त्यांनी अनेक तलावांवर केलं. पर्यटनाचा विचारही त्यामागं नव्हता. पोटाचा विचार होता. पण बघा, दुर्बीण घेऊन आलेला पाहुणा ज्या तलावावर जास्त वेळ रेंगाळेल, तो नेमका हाच तलाव असेल.

सारसाचंही तेच. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात, आणि तोही मोजक्या संख्येनं. हा पक्षी अभयारण्यात राहत नाही. धानाच्या बांधीत, तलावाच्या उथळ पाण्यात घरटं करतो, म्हणजे शेतकऱ्याच्या मेहेरबानीवर जगतो. कीटकनाशकं, विजेच्या तारा आणि आटणारे पाणथळ यांनी त्याला घेरलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला या प्रश्नात स्वतःहून लक्ष घालावं लागलं. जिल्ह्याच्या जाहिरातीत सारसाचा फोटो मोठा छापायचा आणि त्याचं घरटं सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला विचारायचं नाही, हे किती दिवस चालणार?

म्हणून सायकल पर्यटनाचा पहिला खर्च तलावाच्या पाळीवर व्हायला हवा. पाळ दुरुस्त झाली, सलंग मोकळा झाला, तुडूम चालू झालं तर शेतकऱ्याला पाणी, ढिवराला मासोळी आणि पाहुण्याला नजारा. एकाच पैशात तिघांचं काम. काठावर काँक्रीट ओतलं तर यातलं एकही होत नाही.

रस्ता नेमका कोणासाठी?

दुसरा प्रश्न रस्त्याचा. आपल्या रस्त्यांवर सायकल चालवणारा सर्वांत मोठा गट पर्यटकांचा नाही. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुली आहेत. दुधाच्या कॅन बांधून निघालेला माणूस आहे, मासोळीची टोपली घेतलेला ढिवर दादा आहे, रोवणीच्या दिवसांत शेतावर जाणाऱ्या मजूर बाया आहेत. आपल्याकडे सायकल हा हौसेचा विषय कधी नव्हताच.

आणि त्यांच्या बाजूनं काय जातं? रेतीचे टिप्पर, धानाचे ट्रक, ओव्हरटेक करणाऱ्या गाड्या. रस्ता रुंद होतो तसा वेग वाढतो. डांबर संपतं तिथं वीतभर खोल कडा असते. टिप्परनं हॉर्न दिला की सायकल त्या कडेवरून खाली. साइडपट्टी मुरूम टाकून भरायचं काम अंदाजपत्रकात असतं, रस्त्यावर मात्र ते क्वचितच दिसतं. रुंदीकरणात रस्त्याकाठची मोहाची, चिंचेची, आंब्याची जुनी झाडं गेली, सावली गेली.

कुणी म्हणेल, मग पर्यटकांसाठी वेगळा सायकल ट्रॅक करा. करोडो रुपये लागतील, दोन-चार किलोमीटर होईल, आणि त्यावर धान वाळत पडेल. त्यापेक्षा साधी कामं आहेत. साइडपट्टी समपातळीत भरा. शाळेच्या आणि गावाच्या आधी वेग कमी करायला लावा. शाळा सुटायच्या वेळेत टिप्परला बंदी घाला. जुन्या गावरस्त्यांवर आणि पाटाच्या वाटांवर दिशा दाखवणाऱ्या पाट्या लावा, म्हणजे सायकलवाला मुख्य रस्ता सोडून आतून जाईल. यातलं प्रत्येक काम आठवीतल्या मुलीच्याही कामाचं आहे. पाहुणा नाही आला तरी पैसा वाया जाणार नाही.

बाहेर कसं चालतं?

युरोपात बोडेनसे नावाचं मोठं सरोवर आहे. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तिन्ही देशांचे काठ त्याला लागतात. त्याला वळसा घालणारा सुमारे २६०-२७० किलोमीटरचा सायकल मार्ग प्रसिद्ध आहे. लोक आठवडा काढून तो पूर्ण करतात. कंटाळा आला की बोटीत किंवा रेल्वेत सायकल चढवतात. तिथल्यासारखे रस्ते, तिथल्यासारखा पैसा आपल्याकडे नाही, ती तुलना करण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे.

जर्मनीतली सायकलस्वारांची संघटना घरांना आणि लॉजना सायकलस्नेही असल्याचं प्रमाणपत्र देते. त्याच्या अटी वाचल्या तर नवल वाटेल. एकाच रात्रीसाठी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. सायकल ठेवायला कुलूपबंद जागा द्यायची. ओले कपडे वाळवायची सोय करायची. सकाळी पोटभर न्याहारी द्यायची. साधी दुरुस्तीची हत्यारं ठेवायची. बस. यातलं आपल्या गावच्या घरात अशक्य काय आहे? पडवीत सायकल राहते, अंगणात दोरी आहे, आणि न्याहारीच्या बाबतीत झाडीपट्टीला कुणी शिकवायची गरज नाही.

धोके झाकून ठेवू नयेत

चार सावधगिरीच्या गोष्टीही आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या.

पहिली, हा वाघांचा मुलूख आहे. नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ, बिबट, अस्वल प्रकल्पाच्या हद्दीबाहेरही फिरतात. २०२२ मध्ये तर रानटी हत्तींचा कळप अर्जुनी मोरगाव तालुक्यापर्यंत आला होता. राखीव जंगलात सायकल घालायची नाही, आणि बाहेरच्या जंगल रस्त्यावरही उजाडल्यानंतर आणि दिवस मावळायच्या आत प्रवास करायचा. गावकरी "आता नका जाऊ जी" म्हणाले, तर नाही जायचं. मोहफुलाच्या, तेंदूपत्त्याच्या दिवसांत आपलीच माणसं जीव मुठीत धरून जंगलात जातात. त्यांच्या अनुभवापुढं मोबाइलमधला नकाशा काही कामाचा नाही.

दुसरी, सारसाच्या किंवा बदकांच्या घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. एका फोटोपायी दहा गाड्या येतात आणि पक्षी घरटं सोडतो.

तिसरी, हंगाम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच खरे दिवस. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा हौस करणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं.

चौथी गोष्ट रेल्वेची. मोठ्या स्टेशनवर सायकल पार्सलनं जाते. छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते आणि सायकल चढवायची सोय नसते. गोंदिया-बल्लारशा मार्गावर हिवाळ्यापुरती एका गाडीत आठ-दहा सायकलींची जागा मिळाली, तर पूर्ण फेरी जुळते. ही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरण्यासारखी आहे. दूधवाल्यालाही तिचा फायदा होईल.

सुरुवात कुठून करायची?

मोठ्या आराखड्याची वाट बघत बसलो तर कमान येईल आणि पाळ फुटेल. त्यापेक्षा या हिवाळ्यात एका रस्त्यावरच्या पाच-सहा ग्रामपंचायतींनी मिळून एवढं करून बघावं. आपल्या हद्दीतल्या तलावाचं नाव, तो कुणी बांधला, सलंग कुठं, तुडूम कुठं, ते जुन्या जाणत्यांना विचारून एका पाटीवर मराठीत लिहावं. गावातली दोन-तीन घरं मुक्कामाला तयार करावीत. बचतगटाचा एक नंबर पाटीवर टाकावा. शाळेचा नाही तर ग्रामपंचायतीचा संडास दिवसा उघडा आणि स्वच्छ ठेवावा. पंक्चरवाल्याला हवेचा पंप ठेवायला सांगावं. ग्रामसभेत ठराव करून तलावाचा काठ काँक्रीटमुक्त ठेवावा आणि पर्यटनाच्या नावानं येणारा निधी आधी पाळीला मागावा. मच्छीमार संस्थेला यात पहिल्यापासून बसवावं, कारण तलावावर रोज असतो तो ढिवर, बाकी सगळे येऊन-जाऊन.

पाहुणे आले तर उत्तम. नाही आले तरी तलाव दुरुस्त झालेला असेल, मुलींची शाळेची वाट सुरक्षित झालेली असेल आणि गावातल्या पोरांना आपल्या तलावाचा इतिहास माहीत झालेला असेल. तोटा नसलेला असा सौदा पर्यटनात क्वचित मिळतो.

कोहमाऱ्याच्या त्या काकांनी दोघांना निघताना विचारलं होतं, "मग इथं पाहाले काय आलात जी?" दोघांपैकी एकानं तलावाकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "तो तं रोजचाच आहे." एवढ्या वर्षांत आपली चूक झाली ती इथंच. तलाव रोजचा आहे म्हणून आपण त्याच्याकडे बघायचं सोडलं. परका माणूस दीडशे किलोमीटर पायडल मारत तो बघायला येतोय, तर निदान त्याच्या निमित्तानं आपणही एकदा पाळीवर जाऊन यावं, आणि बेशरम कुठवर आली आहे, सलंग मोकळा आहे का, ते डोळ्यानं बघावं. पावसाळ्याआधी.